सालासकट वजन करा

आमच्या घरात कचरा होत नाही. म्हणजे होतो, पण त्याला कचरा म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही. कलिंगड चिरलं की लाल भाग पोटात जातो, पांढऱ्याची थालीपिठं होतात आणि हिरवी पाठ 'बघू काहीतरी' म्हणून ओट्यावर मुक्काम करते. लिंबाचं साल लोणच्यात जातं, त्यातून वाचलं तर देवाची भांडी घासतं. फणसाच्या आठळ्या आमटीत, शिळी पोळी फोडणीत, आणि पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या फ्रीजच्या दारात. त्या इतक्या साठल्यात की उद्या खुद्द इटलीत ओरेगॅनोची टंचाई झाली तर कोथरूडहून माल पाठवता येईल.

या संस्थानाची राजमाता म्हणजे आमची आई. वय चौऱ्याऐंशी, दात बरेचसे स्वतःचे, मतं सगळीच स्वतःची. आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहत होतो तेव्हापासून तिचा दंडक आहे की मंडईतून दोडका आणायचा तो शिरांसाठी. शिरा सुरीनं खरवडायच्या, लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात कुरकुरीत होईस्तोवर परतायच्या, वर तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ आणि पुण्याची म्हणून चिमूटभर साखर. ती चटणी पानात पडली की आम्हा भावंडांत हाणामारी व्हायची. उरलेल्या सोललेल्या दोडक्याची भाजी व्हायची, आणि ती संपवायला वडिलांना बसवावं लागायचं. दोडक्याचं आतलं अंग म्हणजे चटणीच्या वाटेतला अडथळा, अशी माझी लग्न होईपर्यंत समजूत होती.

तूप कढवायचा दिवस तर सणच. विरजलेल्या सायीचं लोणी मंद आचेवर ठेवलं की आधी खळखळ आवाज येतो, मग तो बारीक होत जातो. तो जवळजवळ थांबला की आई गॅस बंद करून पातेल्यात विड्याचं पान टाकायची. तूप गाळून बरणीत गेलं की ते पाहुण्यांचं. तळाची तांबूस, खमंग बेरी मात्र आमची! तिच्यावर साखर भुरभुरवायची, किंवा त्याच पातेल्यात गरम भात कालवून पातेलं असं स्वच्छ करायचं की घासणारीनं उगाच कशाला घासू म्हणून विचारावं.

अशा घराला काटकसर शिकवायला इटलीहून चीज यावं, हे जरा अतीच झालं.

झालं असं की माझा पुतण्या कंपनीच्या कामासाठी मिलानला जाऊन आला आणि येताना पार्मिजानो रेजानो या चीजचा त्रिकोणी तुकडा घेऊन आला. त्यानं तो ज्या भक्तिभावानं टेबलावर ठेवला, त्या भक्तिभावानं त्यानं मुंजीत भिक्षावळसुद्धा घेतली नव्हती. आम्ही सगळे भोवती जमलो. आईनं वास घेतला.

"मोजे धुतले नाहीत का रे प्रवासात?"

"आजी, तो त्या चीजचा वास आहे. चोवीस महिने मुरवलंय."

"मग बरोबर. चोवीस महिने मोजे मुरवले तरी असाच येईल."

पुतण्यानं तिकडे दुर्लक्ष केलं आणि तुकड्याच्या पाठीवरचा पिवळट, टणक थर मला दाखवला. "काका, हे साल टाकायचं नाही बरं का. हे मेण नाही, चीजच आहे, हवेनं वाळलेलं. सुपात सोडायचं. फ्लेवर डेव्हलप होतो." याच मुलानं सातवीत असताना दोडक्याच्या शिरांच्या चटणीला 'आजी, हा काय कचरा वाढलायस' म्हटलं होतं आणि एक धपाटा खाल्ला होता. गावठी साल खाल्लं की चिकटपणा, विमानातून आलेलं साल खाल्लं की फ्लेवर डेव्हलप होतो. असो. धपाटा मारायचं वय आता माझं राहिलं नाही, त्याचंही नाही.

सालावर टिंबाटिंबांनी अक्षरं उठवलेली होती. मी भिंग आणलं. पुतण्यानं सांगितलं की ताज्या चीजचं चाक साच्यात असतानाच ही नावाची टिंबं त्याच्या कडेवर उमटवतात, म्हणजे कुठलाही तुकडा कापला तरी सालावरून त्याचं कूळ कळावं. एका चाकाचं वजन साधारण चाळीस किलो, त्याला सुमारे ५५० लिटर दूध लागतं, आणि बारा महिने मुरल्याशिवाय त्याला हे नाव लावता येत नाही. इथवर मी माफक कौतुकानं ऐकत होतो. पण मग तो म्हणाला, "काका, तिकडे बँक या चीजवर कर्ज देते."

मी हयात बँकेत घालवली आहे. मी भिंग खाली ठेवलं.

गोष्ट खरी निघाली. इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रांतात क्रेडिटो एमिलियानो नावाची बँक आहे, ती १९५३ पासून पार्मिजानोची चाकं तारण म्हणून ठेवून घेते. चीज करणाऱ्याला दुधाचे पैसे आज द्यायचे असतात आणि चीज विकलं जाणार वर्ष-दोन वर्षांनी, म्हणून बँक मधला काळ सांभाळते. चाकं बँकेच्याच गोदामात फळ्यांवर मुरत पडतात, तिथली माणसं ती पुसतात, उलटतात, ठोकून बघतात. कर्जाची मुदत वाढते तसं तारण अधिक चविष्ट होत जातं! आमच्या शाखेनं एकदा धान्य तारण ठेवून घेतलं होतं. दर तपासणीला पोती तेवढीच असायची आणि उंदीर जाड झालेले असायचे. कर्जदारानं पैसे बुडवले तर जप्ती करायची कुणावर, उंदरांवर? इकडे या मंडळींनी कर्ज बुडालं तरी किसणी घेऊन बसावं. माझ्या मनात त्या सालाविषयी एकदम आदर दाटून आला. शिक्का होता, वजन होतं, बँकेची मान्यता होती. आमच्या सोसायटीच्या कन्व्हेअन्सला यातलं एकही नाही.

तेवढ्यात पलीकडच्या फ्लॅटमधले काका आले. ते नेहमी तेवढ्यात येतात. त्यांनी चीजकडे बघून एकच प्रश्न विचारला. पुण्यात तो प्रश्न विचारल्याशिवाय परदेशी खाऊचा डबा उघडत नाहीत.

"शाकाहारी आहे ना?"

"दूध, मीठ आणि रेनेट," पुतण्या म्हणाला. "बाकी काही घालायची परवानगीच नसते."

"रेनेट म्हणजे?" आई.

"विरजण म्हण ना आजी."

"कसलं विरजण?"

पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. शेवटी तो पुटपुटला, "वासराच्या पोटातलं असतं."

खोलीत टाचणी पडली असती तर दणका बसला असता. आई ओरडली नाही. तिनं पदरानं हात पुसले आणि अत्यंत शांतपणे म्हणाली, "बाळ, हे तू बाणेरला घेऊन जा." बाणेरला पुतण्याचा फ्लॅट आहे. आमच्या घराण्यातलं जे जे कोथरूडला चालत नाही, ते बाणेरला चालतं. अंडी, उशिरा उठणं आणि आता हे.

चीज गेलं, पण साल माझ्या डोक्यातून जाईना. चौकशी केल्यावर कळलं की आपल्याकडे होणारं बहुतेक चीज वासराशिवायच होतं, त्यातलं विरजण बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांपासून काढतात. मी ही शुभवार्ता आईला सांगितली.

"बुरशी शाकाहारी?"

"हो."

"मग परवा पावावर आली होती ती कशाला टाकलीत?"

आता प्रश्न साल असलेलं चीज मिळवण्याचा. आमच्या पिढीला चीज ठाऊक होतं ते अमूलचं, पत्र्याच्या डब्यातलं. आतलं चीज संपल्यावर त्या डब्यात हिंग राहायचा. पुढे मुंढव्याकडे एबीसी फार्म्समध्ये तऱ्हेतऱ्हेचं चीज होऊ लागलं, नाशिक रस्त्यावर मंचरला चीजचा मोठा कारखाना आला, पुणं चीजच्या नकाशावर गेलं. पण पेठेच्या लेखी चीज म्हणजे सँडविचवर किसायचा चौकोन. तो चौकोन चीज वितळवून, क्षार घालून, साच्यात ओतून केलेला असतो. त्याला साल नसतं, चांदीचा कागद असतो. तो आई धुऊन ठेवते.

मी कॅम्पातलं एक दुकान गाठलं. तिथे इथंच बनलेलं, हिरवा ठिपका असलेलं, पार्मेसानच्या पद्धतीचं चीज होतं. दुकानदारानं तुकडा उचलला आणि सुरी घेतली.

"साल काढून देतो, साहेब."

"नको, नको. साल राहू दे."

"सालासकट वजन होईल हां मग."

"करा."

तो थबकला. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्याला असं कुणी म्हटलं नसावं. पुणेकर कोथिंबिरीचं वजन मुळं तोडून करायला लावतो, आणि हा गृहस्थ साल मोजून पैसे देतो म्हणतोय!

"साहेब, साल कशाला पाहिजे?"

"सारात घालायला."

"कुठून आलात?"

"कोथरूड."

"अच्छा," तो म्हणाला. त्या 'अच्छा'त सगळं होतं.

चीजचा भाव किलोला काही हजारांत होता. म्हणजे त्या सालाचेच शंभरेक रुपये झाले असतील. टाकून द्यायची वस्तू वाया जाऊ नये म्हणून मी ती विकत आणली होती. बँकेत असा ताळेबंद कुणी पुढे केला असता तर मी त्याला केबिनमध्ये बोलावलं असतं.

आता हे साल वेगळं करायला आतलं चीज संपायला हवं, आणि तिथेच गाडं अडलं. आम्ही ते पोह्यांवर किसलं, थालीपिठात घातलं, उपम्यावर शिवरलं. नातीनं एकदा खाऊन 'मोजा' असं म्हटलं आणि ते नाव पडलं. सकाळी विचारणा व्हायची, "आज मोजा किती उरलाय?" सालाच्या लोभानं आम्ही चीज खात होतो. वडिलांची फार आठवण आली. दोडक्याची भाजी ज्यांनी निमूटपणे संपवली, त्यांनी हेही संपवलं असतं.

अखेर साल हाती आलं. त्याचे तीन तुकडे केले. पहिला टोमॅटोच्या सारात सोडला. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ची १९७० सालापासून महाराष्ट्रभर पारायणं झाली. आईची प्रत इतकी वापरलेली आहे की कुठल्या पानावर काय आहे ते डागांवरून कळतं. साराच्या पानावर माझ्या हातून एक नवा डाग पडला आणि तो चीजचा होता. आई काही बोलली नाही, फक्त पुस्तक उचलून आत ठेवलं.

सार उकळत होतं आणि मी बायकोला व्याख्यान देत होतो. "बघ, चीज मुरतं तशी त्यातली प्रथिनं तुटत जातात आणि ग्लुटामेट मोकळं होतं. टोमॅटोतही तेच असतं. टोकियोचे प्राध्यापक इकेडा होते ना, त्यांनी १९०८ साली समुद्रातल्या शेवाळाच्या पाण्यातून ते वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं."

"म्हणजे अजिनोमोटो," ती म्हणाली.

"तसं नव्हे..."

"तेच ना, चायनीजच्या गाडीवरचं? जे पोरांना खाऊ देऊ नका म्हणून तुम्ही सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं होतंत?"

अजिनोमोटो खरोखरच इकेडांच्याच शोधातून निघालं आहे, हे मला माहीत होतं. ते तिला माहीत नसेल अशी माझी अपेक्षा होती.

पण सार झकास झालं होतं, हे नमूद करायला हवं. आंबटपणाच्या मागे काहीतरी भक्कम उभं राहिलं होतं. गडबड झाली ती वाढताना. उकळून साल मऊ पडलं होतं आणि ते नेमकं मेहुण्याच्या वाटीत गेलं. त्याला वाटलं खोबऱ्याचा काप. त्यानं चावला. काप तुटेना. त्यानं ओढला. काप लांबला. त्याचा एक हात तोंडाशी, दुसरा कानाच्या रेषेत, मध्ये ताणलेली तार, आणि पलीकडचे काका दारात उभे. ते तेवढ्यात आले होते.

"काय वाजवताय?" त्यांनी विचारलं.

दुसरा तुकडा मी कांद्या-गाजराच्या सुपासाठी म्हणून ओट्यावर ठेवला होता. दुपारी भांडी घासणाऱ्या मावशींनी तो उचलला. रंग पिवळट, कडा झिजलेल्या, आकार वडीचा. त्यांना वाटलं, साहेबांनी साबणाची वडी वापरून वापरून एवढीशी केली. आमच्या घराचा लौकिक पाहता त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी घासणीवर ती जोरात घासली आणि बायकोला हाक मारली, "ताई, साबण बदला हो. फेस येत नाही नि वास घाण येतोय."

"मावशी, ते चीज आहे."

"मग भांडी कशाला घासायला दिलंत?"

याला उत्तर नव्हतं. त्या दिवशी चहाला मात्र सगळ्यांच्या कपात उमामी लागली.

मेहुणा तार ताणूनही शहाणा झाला नव्हता. चव त्याला आवडली होती आणि आपण मागे राहू नये ही त्याच्या घराण्याची रीत. त्यानं लाल पाठीचं गौडा आणलं, आतलं संपवलं आणि लाल साल अख्खंच्या अख्खं मटकीच्या उसळीत सोडलं. पार्मिजानोचं साल चीजचं असतं, गौडाच्या पाठीवरचं ते लाल म्हणजे मेण. तर्री छान लाल आली म्हणून तो खूश होता. गार झाल्यावर तर्री घट्ट झाली आणि चमच्यानं वाजू लागली. मला त्याचा फोन आला तो कचऱ्याबद्दल होता.

"भाऊजी, पुण्यात ओला-सुका वेगळा द्यावा लागतो. ही उसळ कशात टाकू?"

"मटकी ओल्यात, मेण सुक्यात."

"वेगळं निघत नाहीये."

"मग वात लाव," मी म्हटलं.

आमच्या घरात आता शेवटचा तुकडा राहिला होता. बायकोनं जाहीर केलं होतं की एवढ्याशा सालासाठी तासभर गॅस जाळणं बंद. मी सौर चुलीचा विषय काढला, तर ती खोलीतून निघून गेली. साल फ्रीजरमध्ये पडून होतं. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई फ्रीजर उघडून बघत होती. तिला ते सापडलं.

"हे अजून आहे?"

"सूप करायचंय."

"सूप कसलं करतोस. आजाऱ्याचं खाणं." तिनं साल पाण्यात धुतलं, सुरीनं वरचा थर खरवडला, बोटाएवढे तुकडे केले. पापड भाजायचा चिमटा काढला. गॅसवर जाळी ठेवली, आच बारीक केली आणि एक तुकडा वर धरला. आधी काही होईना. मग कडेला बारीक फुगे आले, चर्र आवाज झाला, आणि ते टणक लाकूड आतून फुलायला लागलं. तिनं उलटवलं. तांबूस ठिपके पडले. सगळ्या घरात तो वास सुटला, तूप कढवण्याच्या दिवशीचा. नात खोलीतून धावत आली, आणि मोजा म्हणायला विसरली.

बाहेर कुरकुरीत, आत किंचित चिवट, खारट, खमंग. आई एकेक भाजून देत होती आणि आम्ही उभ्या उभ्याच खात होतो. शेवटच्या तुकड्यासाठी मी नातीशी वयाला न शोभणारा वाद घातला आणि हरलो. पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला, तर तो तिकडून ओरडला, "आजी! इटलीतसुद्धा निखाऱ्यावर असंच भाजतात! पार्म्याच्या आज्या पोरांना असंच द्यायच्या म्हणे!"

"मग शहाण्या आहेत," आई म्हणाली. पार्म्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र पुण्यातून मिळणार नाही.

मी उत्साहानं चपला घातल्या. "आई, अजून आणतो. पाव किलो घेऊ की अर्धा?"

"आण," ती चिमटा धूत म्हणाली. "पण दुकानवाल्याला म्हणावं, नुसतं साल दे. आतलं नको. ते संपवायला आता घरात तुझे वडील नाहीत."